ट्रेवरची विभूती

बायको लिंगैक्य झाली, म्हणजे वारली, त्या वर्षी खंडेनवमीची पूजा मी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं केली, आणि ती इतकी मन लावून केली की त्यात घरच्या कॉम्प्युटरचे दोन्ही सीडी ड्राइव्ह गेले. आता हे मी एका वाक्यात सांगून मोकळा होतो. तेव्हा ते समजायला मला तीन आठवड्यांच्या वर लागले, आणि तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. शिकवणारे सर वेगळे. मी कपाटं उघडणारा, भिंगं पुसून मांडणारा आणि तास संपल्यावर ती मोजून परत घेणारा. एकतीस वर्षं हेच केलं. ‘भिंगाला बोट लावू नका’ हे मी इतक्या वेळा ओरडलो असेन की झोपेतही ओरडत असेन. बायको म्हणायची, तुमच्या घरात राहणं म्हणजे प्रयोगशाळेत राहणं, सगळं बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही. ती नेसरीकडची. तिच्या माहेरी निम्मं कानडी, निम्मं मराठी, त्यामुळं आमची मुलगीही आईला अव्वा आणि मला अप्पा म्हणायची.

ही एकुलती एक मुलगी लग्न करून मेलबर्नला गेली, आणि मी निवृत्त झालो तेव्हा आम्ही कॉम्प्युटर घेतला. शाहूपुरीतल्या एका दुकानात सुटे भाग निवडून जोडून घेतला होता. पुढं ती एकदा सुट्टीला आली तेव्हा तिनं त्यात दुसरा ड्राइव्ह बसवला. वरचा नुसता वाचायचा, खालचा वाचायचा आणि लिहायचाही. दोन दोन कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, एक बंद पडला तर दुसरा असावा, तुम्हाला माझे फोटो बघायला अडचण नको.

तेव्हा आमच्याकडचं इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. एक फोटो उतरायला लागला की बायको भाजी चिरून, फोडणी घालून परत यायची, तोवर मुलीचं कपाळ आणि भुवया एवढंच आलेलं असायचं. म्हणून मुलगी दर दोन महिन्यांनी एक सीडी पोस्टानं पाठवायची. त्यात शे-दीडशे फोटो, आणि शेवटी ‘पत्र’ नावाची एक फाइल. ती पत्र मराठीत टाइप करायची, आणि ते वाचायला लागणारा फाँटही त्याच सीडीवर आठवणीनं घालायची. आम्ही दोघं दोन खुर्च्या ओढून बसायचो. फोटो बायको बघायची, पत्र मी मोठ्यानं वाचायचो. रविवारी सकाळी दहाला मुलीचा फोन यायचा, तेव्हा मुख्य बोलणं मायलेकींचं. माझ्या वाट्याला शेवटची दोन मिनिटं. तब्येत, पाऊस, ठेवतो.

आषाढात बायको गेली. सहा दिवस दवाखान्यात होती, सातव्या दिवशी नव्हती. मुलगी धावत आली आणि बारा दिवस राहिली. जावई आले नाहीत, कामातून सुटता येत नाही म्हणाले. जायच्या दिवशी पुण्याच्या बसपाशी मुलगी मला म्हणाली, “अप्पा, तुम्हाला एकट्याला जमायचं नाही.”

“न जमायला काय झालं?” मी म्हणालो. “एका वेळी ऐंशी पोरं सांभाळलीत.”

“त्या पोरांना भूक लागली की ती आपापल्या घरी जायची, अप्पा.”

मला राग आला. आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हटलं की मला तो येतोच. जमतंय की नाही ते बघच, असं मी तिला बस सुटता सुटता ओरडून सांगितलं. आजूबाजूचे पावणे वळून बघायला लागले. तिथून पुढं मला ते जमवूनच दाखवणं भाग होतं. फोनवर मी भाकरी स्वतः करतो म्हणून सांगत होतो, प्रत्यक्षात खानावळीचा डबा येत होता. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जातो म्हणालो, आणि जात कुठंच नव्हतो. बायकोची खुर्ची मात्र कॉम्प्युटरसमोर तशीच होती. ती हलवायला मला कारण सापडत नव्हतं.

मग खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी घरातली हत्यारं पूजतात. विळी, सुरी, माझे स्क्रूड्रायव्हर, स्कूटर, बायकोचं शिलाई मशीन आणि अलीकडं कॉम्प्युटर. इतकी वर्षं हे सगळं बायको करायची आणि मी पेपर वाचत बसायचो. ती ‘झालं, नमस्कार करा’ म्हणाली की उठून नमस्कार करायचो. विभूती नेमकी कुठं लावायची, किती लावायची, ओली का कोरडी, यातलं काही मी कधी बघितलेलंच नव्हतं. त्या सकाळी मी आंघोळ करून वाटीत विभूती कालवली आणि तीन बोटांनी दिसेल त्या वस्तूवर पट्टे ओढत सुटलो. शिलाई मशीनवर ओढताना हात जरा थांबला. नंतर कॉम्प्युटरपाशी आलो. बटण दाबलं तर वरचा ट्रे बाहेर आला, खालचं दाबलं तर खालचा. दोन हात पुढं केल्यासारखे ते ट्रे माझ्यासमोर थांबले होते. मुलीची खुशाली याच वाटेनं घरात येते, मग आतूनही पूजा होऊ दे, असं मनात आलं. दोन्ही ट्रेंवर चांगले जाड तीन तीन पट्टे ओढले, एकेक शेवंतीचं फूल ठेवलं, नमस्कार केला, आणि फुलं उचलून ट्रे आत ढकलले.

दुसऱ्या दिवशी ट्रे बाहेर काढले तर पट्टे वाळून पांढरे झाले होते. फडक्यानं पुसले. बरीच भुकटी उडाली.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी पोस्टमननं सीडी आणून दिली. बायको गेल्यानंतरची ही पहिलीच. पाकीट मी लगेच फोडलं नाही. जेवलो, डबा धुऊन ठेवला, हात पुसले, आणि मग बसलो. सीडी वरच्या ड्राइव्हमध्ये घातली. तो थोडा वेळ घुरघुरला, गप्प झाला, पुन्हा घुरघुरला, आणि पडद्यावर सूचना आली, ड्राइव्हमध्ये डिस्क घाला. घातली आहे की, मी म्हणालो. काढून खालच्या ड्राइव्हमध्ये घातली. तिथंही तेच. मला वाटलं, प्रवासात सीडीच खराब झाली असेल. म्हणून मुलीच्या जुन्या सीड्या काढल्या, ज्या बायकोबरोबर बसून चार चार वेळा पाहिल्या होत्या. त्याही उघडेनात. मग भजनांची एक सीडी घातली, ती मात्र दोन्ही ड्राइव्हमध्ये वाजली. मधूनच जरा खरखर, पण वाजली.

याचा मला फार राग आला. गाणं वाजतंय म्हणजे यंत्र फिरतंय, उजेड पडतोय, वाचताही येतंय. मग माझ्या मुलीचं तेवढं का वाचता येत नाही?

रविवार उजाडला. बरोबर दहाला फोन.

“अप्पा, सीडी मिळाली?”

“मिळाली.”

“पाहिली?”

इथं मी खरं बोलायला पाहिजे होतं. ड्राइव्ह चालत नाही, एवढंच तर वाक्य होतं. पण ते म्हटलं की ती दुरुस्तीचं विचारणार, मग जेवणाचं, मग आवाज असा का येतोय म्हणणार, आणि शेवटी बसपाशी बोललेलं पुन्हा बोलणार. शिवाय सीडी उघडत नाही म्हटल्यावर पुढच्या वेळी ती पाठवेलच कशाला, अशीही एक भीती होती. मी म्हणालो, “पाहिली की.”

“सगळी? पत्रपण वाचलं?”

“पत्रपण वाचलं.”

“मग?”

“मग काय? छान आहे सगळं. तू तिथलं नीट बघ, इकडची काळजी करू नको.”

पलीकडून काही आवाज येईना. मला वाटलं लाइन गेली. हॅलो हॅलो केलं, तेव्हा ती म्हणाली, “बरं, अप्पा,” आणि फोन ठेवला.

आता पुढच्या रविवारच्या आत ती सीडी उघडणं भाग होतं, नाहीतर पोरगी फोटोंबद्दल काही विचारेल आणि मी पकडला जाईन. सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी शाहूपुरीत जाऊन उभा राहिलो. दुकानदार चाळिशीचा, शांत जैन गृहस्थ. आधी रेडिओ-टेप दुरुस्त करायचा, लोकांनी टेप टाकून कॉम्प्युटर घेतल्यावर हाही कॉम्प्युटरकडं वळला. माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “पावणं, दोन्ही एकदम जात न्हाईत. एक गेला आसता तर ड्राइव्ह गेला म्हटलं आसतं. दोन्ही म्हंजे बिघाड दुसरीकडंच हाय. केबल बघा आधी.”

त्याचा तर्क बरोबर होता. प्रयोगशाळेत मीही पोरांना हेच सांगत आलो होतो, की दोन दिवे एकदम गेले तर दिवा बघू नका, तार बघा. नवी चपटी केबल घेऊन घरी आलो, कॅबिनेट उघडलं, बदलली. काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितल्याप्रमाणं दोन्ही ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या यादीतून काढून टाकले आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. कॉम्प्युटरनं दोघांनाही ओळखलं, नावं बरोबर दाखवली, आणि ड्राइव्हमध्ये डिस्क घाला म्हणाला. तिसऱ्या दिवशी वरचा ड्राइव्ह सोडवून एकट्या खालच्यावर बघितलं, मग खालचा सोडवून एकट्या वरच्यावर. प्रत्येक वेळी मुलीचीच सीडी घालत होतो आणि ती आता उघडेल, मग उघडेल म्हणून पडद्याकडं डोळे लावून बसत होतो. दोघांच्या दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर आता स्क्रू आणि केबली.

बाहेर कुठं का उघडली नाही, असं कुणीही विचारेल. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेलतो. तिथं सीडीतून व्हायरस येतात म्हणून त्यांनी ड्राइव्हच काढून ठेवलेले. दुकानदार तर दुसऱ्याच दिवशी म्हणाला होता, “आणा की हिकडं, माझ्या मशीनवर लावून बघूया.” मी नको म्हणालो. दुकानात चार माणसं बसलेली. त्यांच्यासमोर मुलीचे फोटो उघडायचे, आईवेगळ्या मुलीचं पहिलं पत्र वाचायचं, आणि आपल्या तोंडाचं काय होईल याचा भरवसा नाही. ते घरचं होतं, घरीच उघडायचं. असा माझा हट्ट.

दुसऱ्या रविवारी फोन आला, पण दोन मिनिटंच. मी तयारीनं बसलो होतो, फोटोंबद्दल विचारलंच तर बाग छान आहे म्हणायचं. बाग कुठं नसते? तिनं काही विचारलं नाही. “बरे आहात ना?” म्हणाली. “एकदम,” मी म्हणालो. ती ऑफिसच्या कामानं दमली असेल असं मी धरून चाललो. जावयांचं कसं चाललंय विचारलं तर, चाललंय, म्हणाली.

पुढच्या आठवड्यात दुकानदारानं विंडोज नव्यानं घालायचा उपाय काढला. त्याची सीडी दिली. ही लावा, मशीन चालू करा, ती सांगेल तसं करत जा. मी घरी येऊन सीडी लावली, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती सीडी वाचायला चालू ड्राइव्ह लागणार होता. तसाच उठून परत गेलो. सांगितलं तर तो मांडीवर थाप मारून हसला. “व्हय की! वाचत न्हाय म्हणून तर तुम्ही आलाय!” मीही हसलो. कुणाबरोबर तरी हसलो असा तो बऱ्याच महिन्यांतला पहिलाच प्रसंग, त्यामुळं काम झालं नाही तरी मी तिथं अर्धा तास बसून राहिलो.

निघताना त्यानं भिंग साफ करायची सीडी दिली. तिच्या खालच्या अंगाला बारीकसा ब्रश असतो, फिरताना तो भिंगावरून जातो. त्यात एका बाईचा आवाजही भरलेला होता. ती आधी स्वागत करायची, मग साफसफाई सुरू होत आहे, कृपया थांबा, असं इंग्रजीत गोड बोलायची, मग थोडं संगीत, आणि शेवटी आभार. मुलीचं काही वाचता न येणारे ते ड्राइव्ह या बाईला मात्र बिनचूक बोलू देत होते. ती सीडी एकदा लावून पुरते. मी दिवसातून चार चार वेळा लावली. खोटं कशाला बोलू, त्यातल्या निम्म्या वेळा ड्राइव्हसाठी नव्हत्या. घरात बाईमाणसाचा आवाज हवा होता, आणि ‘कृपया थांबा’ म्हणणारं तेवढंच कुणीतरी होतं.

तिसऱ्या रविवारी फोन आला नाही. दहाला, सव्वादहाला, अकराला मी फोनपाशीच. रिसीव्हर उचलून आवाज आहे ना बघितलं. आपण तिकडं लावावा, तर काय बोलणार? तिच्या पत्राबद्दल, फोटोंबद्दल मला एक अक्षर माहीत नव्हतं. दुपारी जेवण गेलं नाही. सीडी उघडल्याशिवाय तिच्याशी धड बोलताच येणार नाही अशी माझी पक्की समजूत झाली होती.

सोमवारी मी दोन्ही ड्राइव्ह सोडवले, टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातले, आणि दुकानदारासमोर ठेवले. “केबल न्हाय, विंडोज न्हाय. उघडा आता,” मी म्हणालो.

त्यानं खालच्या अंगाचे चार स्क्रू काढले, टोपण उचललं आणि टेबलावरचा दिवा जवळ ओढला. बराच वेळ बघत राहिला. बोटाच्या टोकानं आतल्या पट्टीवरून काहीतरी पुसून उजेडात धरलं, अंगठ्यानं चोळलं, हुंगलं. मग वर बघून म्हणाला, “सर, खंडेनवमीला पूजा केलती काय?” दुसऱ्या भेटीपासून मी पावण्याचा सर झालो होतो. कोल्हापुरात कॉलेजची पायरी चढलेला प्रत्येक जण सर असतो.

“केलती,” मी म्हणालो.

“आत पण?”

मी मान हलवली.

“दरवर्षी दसरा झाला की अशी गिऱ्हाइकं येत्यात,” तो म्हणाला. “कुणाच्या फ्लॉपीच्या फटीत अक्षता, कुणाच्या कीबोर्डात कुंकू. विभूती मात्र पहिल्यांदाच बघतोय.” मग त्यानं समजावून सांगितलं. ट्रेवरची वाळलेली भुकटी आत राहिली. सीडी जोरात फिरते, तिच्या वाऱ्यानं ती उडाली आणि भिंगावर बसली. गाण्यात चार ठिपके वाचता आले नाहीत तर यंत्र ते अंदाजानं भरून काढतं, आपल्याला नुसती खरखर ऐकू येते. फोटोत आणि पत्रात अंदाज चालत नाही, एक अक्षर चुकलं तरी ते सगळंच नको म्हणतं. आणि ब्रशनं ती राख निघाली नव्हती, उलट भिंगाच्या कडेला दाबून बसली होती.

भिंगाला बोट लावू नका म्हणून एकतीस वर्षं पोरांवर ओरडणारा माणूस मी. आणि मी भिंगाच्या दारात राख कालवून ओतली होती. तिथं स्टुलावर बसून मी बायको काय करायची ते आठवायचा प्रयत्न केला. दसऱ्यानंतर कॉम्प्युटरवर विभूती कुठं दिसायची? कॅबिनेटच्या वरच्या कडेला, एक बोट टेकवल्याएवढी. बस्स. मी एकदा पेपर बाजूला ठेवून बघितलं असतं तर पुरे होतं. दुकानदारानं काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि दोन्ही भिंगं हलक्या हातानं पुसून दिली. पाच मिनिटांचं काम.

घरी येऊन ड्राइव्ह बसवले आणि मुलीची सीडी घातली. एक घुरघुर, आणि लगेच खिडकी उघडून फोटोंची रांग लागली. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या खुर्चीवरचे स्क्रू उचलून तिची बैठक पुसली.

फोटो थोडेच होते, वीस-बावीस. एकाही फोटोत जावई नव्हते. एक लहान खोली, एक खिडकी, खोक्यांत भरलेलं सामान, आणि दोन-तीन फोटोंत ती स्वतः, कॅमेरा हातात धरून काढलेले, केस न विंचरलेले. मी पत्र उघडलं. या वेळी मोठ्यानं वाचलं नाही.

तिनं लिहिलं होतं, आम्ही दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलंय. भांडण नाही, मारहाण नाही, नुसतं संपलंय. अव्वाला थोडं माहीत होतं. ती असती तर तिला फोनवर सांगितलं असतं. तुम्हाला फोनवर सांगायला मला जमत नाही, आणि ऐकायला तुम्हाला जमायचं नाही, म्हणून लिहितेय. मला नोकरी सोडून कोल्हापूरला यायचंय, अप्पा. तुमच्याजवळ राहायचंय, वर्षभर तरी. पुढचं पुढं बघू. लोक विचारतील, पावणेरावळे बोलतील, त्याचा त्रास तुम्हाला होईल हे मला कळतंय. तेव्हा रविवारी फोनवर तुम्ही नुसतं ‘ये’ म्हणा. नको वाटत असेल तर हा विषयच काढू नका. मी समजून घेईन आणि पुन्हा कधी विचारणार नाही.

मी पत्र दोनदा वाचलं. मग त्या पहिल्या रविवारी मी काय म्हणालो ते आठवलं. एकेक शब्द आठवला.

तिचा मोबाइल लावताना नंबर दोनदा चुकला. तिकडं दुपार उतरली होती. तिनं उचलला. मी म्हणालो, “सीडी आज उघडली. ड्राइव्ह बिघडला होता. मी पत्र आज वाचलंय, आत्ता.”

तिला मधे बोलू न देता मी पुढं बोलत सुटलो.

“मी खोटं सांगितलं होतं. काहीच पाहिलं नव्हतं. तू ये. आत्ताच्या आत्ता ये.”

“अप्पा,” ती अगदी सावकाश म्हणाली, “मी तुम्हाला तीनदा विचारलं. पाहिली का विचारलं, सगळी का विचारलं, पत्र वाचलं का विचारलं.”

“हो.”

“तुम्ही म्हणालात, तू तिथलं नीट बघ.”

“ते मी नेहमीच म्हणतो गं.”

“मी इथं नोकरी पक्की केली, अप्पा. गेल्या आठवड्यात. दोन वर्षांसाठी सही केलीय. काल त्याच गडबडीत होते.” मग म्हणाली, “असू दे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” मला वाटलं ती रडेल, मग मलाही रडता येईल. पण ती रडली नाही. ज्या आवाजात मी इतके महिने भाकरी करतो म्हणून सांगत होतो, तोच आवाज आता तिचा होता.

त्यानंतर तिचा फोन दर रविवारी येत राहिला. सीडी परत आली नाही. मी मागितलीही नाही.

पुढच्या मे महिन्यात ती पंधरा दिवस राहून गेली. चांगलं गेलं सगळं. तिनं भाकरी केल्या, मला रंकाळ्यावर फिरायला नेलं, नेसरीला मामाकडं दोन दिवस जाऊन आलो. त्या पत्राबद्दल ती बोलली नाही आणि मलाही विषय काढायचा धीर झाला नाही. निघायच्या आदल्या दुपारी मी पडलो होतो. डोळा लागतोय तोवर बाहेरच्या खोलीतून ड्राइव्हचा ट्रे सरकल्याचा आवाज आला. उठून दारात गेलो तर ती कॉम्प्युटरसमोर पाठमोरी बसली होती. तिनं तीच सीडी वरच्या ड्राइव्हमध्ये घातली. ती उघडली. काढून खालच्यात घातली. तिथंही उघडली.

“लगेच उघडते की, अप्पा,” मागं न वळता ती म्हणाली.

“दुरुस्त करून घेतलाय म्हणून,” मी म्हणालो.

ती ‘हं’ म्हणाली, सीडी काढली आणि आपल्या बॅगेत ठेवली.